कम्प्रेशन बुटांनी पाय बधिर होतो, दुपारपर्यंत सूज परत येते: आमच्या घरी कुठे चुकत होतं

आईच्या डाव्या पायाला लिम्फेडेमा आहे, म्हणजे लसीका (शरीरातल्या पेशींभोवतीचा पातळ द्रव) नीट वाहून न गेल्याने येणारी सूज. गर्भाशयाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत ओटीपोटातल्या लसीकाग्रंथी काढाव्या लागल्या, नंतर रेडिएशन झालं, आणि पुढच्या पावसाळ्यात घोट्यापासून सूज चढायला लागली. कर्करोगाच्या डॉक्टरांनी सगळं तपासून परवानगी दिली, फिजिओथेरपिस्टनी माप घेतलं, आणि आम्ही घरी हवेच्या दाबाचे बूट आणले. पायाच्या बोटांपासून जांघेपर्यंत सहा कप्पे आहेत. पंप एकेक कप्पा खालून वर भरत जातो, सगळे भरले की हवा सोडतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो.

पहिले दोन महिने रोज त्याच दोन तक्रारी. विसाव्या मिनिटाला आई म्हणायची, "अगं, पाय झोपलाय माझा, मुंग्या आल्यात." आणि बूट काढल्यावर हलका झालेला पाय दुपारच्या जेवणापर्यंत पुन्हा होता तसा. मला वाटायचं दाब कमी पडतोय. म्हणून मी ४० चा ५० केला, ५० चा ६०. मुंग्या वाढल्या, सूज तशीच राहिली. कमी दाब हे कारण नव्हतंच. पाय गादीवर कसा पडतो आणि बूट काढल्यानंतरच्या तासात आपण काय करतो, या दोन गोष्टींत गडबड होती. हे कळायला जो वेळ गेला तो दुसऱ्या कुणाच्या आईचा जाऊ नये म्हणून सविस्तर लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. वर्षभर रोज हे बूट चढवणारी आणि उतरवणारी मुलगी आहे, आणि प्रत्येक शंका फिजिओथेरपिस्टना विचारून घेतली आहे.

बूट हातात घेण्याआधी

काही पायांना हे बूट लावायचेच नसतात, आणि तिथे "कमी दाबावर लावून बघू" हेही चालत नाही.

एकाच पायाची पोटरी एक-दोन दिवसांत अचानक सुजली, गरम लागते, दाबली की दुखते, तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. अशा पायावर हवेचा दाब देणं किंवा तो चोळणं धोक्याचं, कारण गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जायचं. सोबत धाप लागत असेल, छातीत दुखत असेल, तर थेट १०८ ला फोन करायचा. दुसरं, पाय लालबुंद, तापलेला आणि अंगात थंडी वाजून ताप. हा कातडीखालचा जंतुसंसर्ग, सेल्युलायटिस. लिम्फेडेमाच्या पायाला तो पुन्हा पुन्हा होतो. अँटिबायोटिक सुरू होऊन डॉक्टर "आता लावा" म्हणेपर्यंत बूट पिशवीत ठेवायचे.

हृदय कमजोर असलेल्या माणसाच्या पायांतलं पाणी वर ढकललं तर ते आधीच थकलेल्या हृदयावर येतं. आडवं झाल्यावर धाप लागते, दोन-तीन दिवसांत वजन दोन किलो वाढलं, दोन्ही पाय सारखे सुजले, असं असेल तर बूट हा त्यावरचा उपाय नाही. पायाच्या धमन्या अरुंद झालेल्यांना, म्हणजे थोडं चाललं की पोटरी आवळून येते आणि थांबलं की बरं वाटतं अशांना, डॉक्टरांनी पायाचा रक्तपुरवठा तपासल्याशिवाय बूट नकोत. उघडी जखम असेल तर नकोत. आणि जुना मधुमेह असून तळपायाची संवेदना गेली असेल तर फार जपून, कारण त्या माणसाला दुखतंय हे कळणारच नाही. या लेखातल्या अर्ध्या खुणा "दुखलं तर सांगा" यावर उभ्या आहेत, आणि त्याच त्याच्या कामाच्या नाहीत.

शेजारच्या काकांचे दोन्ही घोटे सुजायचे. आईचे बूट बघून त्यांनी एकदा मागितले. मी दिले नाहीत, डॉक्टरांना दाखवा म्हटलं. त्यांना थोडं वाईट वाटलं, पण दाखवून आले. ते रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन घेत होते, आणि त्या गोळीने घोटे सुजणं अगदी नेहमीचं आहे. डॉक्टरांनी गोळी बदलली आणि काही आठवड्यांत सूज गेली. मधुमेहाची पायोग्लिटाझोन आणि नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन यांनीही सूज येते. गोळी आपल्या मनाने मात्र बंद करायची नाही. एकाचे बूट दुसऱ्याने न वापरण्याचं आणखी एक कारण म्हणजे बोटांच्या बेचक्यातला नायटा अस्तरातून सहज पसरतो.

दाबाचा आकडा नक्की कशाचा आहे

आमच्या यंत्रावर दाब एमएमएचजीमध्ये दिसतो, म्हणजे रक्तदाब मोजतात त्याच मापात. १२० वर ८० मधलं ते ८० आठवा, मग ६० म्हणजे किती हे हाताला कळतं. लिम्फेडेमासाठी घरी साधारण ३० ते ६० यादरम्यान काम चालतं. नेमका आकडा तुमच्या फिजिओथेरपिस्टनी सांगायचा. खेळाडूंसाठी विकल्या जाणाऱ्या बुटांत १०० पर्यंत आणि त्याहूनही पुढे जाणारी यंत्रं आहेत. ती आजारी पायासाठी उघडून सरळ सुरू केली तर पहिल्याच मिनिटाला फार होतं.

दोन फसगती इथे होतात. काही यंत्रं किलोपास्कलमध्ये दाब दाखवतात. १ किलोपास्कल म्हणजे साडेसात एमएमएचजी. म्हणून पडद्यावर ८ दिसलं तर ते "अगदी कमी" नसतं, ते ६० असतं. १२ केलं की ९० झाले. दुसरी फसगत स्वस्त यंत्रांची, ज्यांच्यावर आकडाच नसतो, नुसत्या एक ते पाच पायऱ्या असतात. माहितीपुस्तिकेत प्रत्येक पायरीचा दाब दिला असेल तर तो कागदावर लिहून यंत्राला चिकटवून टाका. दिलेलाच नसेल तर लिम्फेडेमाच्या पायाला ते यंत्र वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

लसीकेच्या नलिका कातडीच्या लगेच खाली, फार नाजूक असतात. त्यांना जोराची गरज नसते. जोर वाढवला की त्या दबून बंद पडतात. आमच्या फिजिओथेरपिस्ट म्हणाल्या होत्या, "पिळायचं नाहीये, सरकवायचंय." ते वाक्य मी बुटांच्या पिशवीवर मार्करने लिहून ठेवलं आहे.

विसाव्या मिनिटाला मुंग्या

या भागावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला.

गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, जरा खाली बोट फिरवा. हाडाचा एक लहानसा उंचवटा लागेल. त्याला वळसा घालून पाऊल वर उचलणारी एक नस कातडीच्या अगदी जवळून जाते. मांस कमी, हाड कडक, मध्ये ती नस. बराच वेळ मांडी घालून बसलं की पाय झोपतो, त्यात ही नस बऱ्याचदा असते. बुटाचा दाब नेमका तिथे बसला तर नडगीच्या बाहेरच्या अंगाला आणि पावलाच्या वरच्या बाजूला मुंग्या येतात. तसंच चालू ठेवलं तर पाऊल वर उचलता येत नाही, चालताना चवडा जमिनीला घासतो. या बुटांमुळे असं झाल्याची उदाहरणं वैद्यकीय नोंदींत आहेत. म्हणून मुंग्यांकडे "सवय होईल" म्हणून बघायचं नाही.

आम्ही कारण शोधताना एका वेळी एकच बदल केला आणि तो तीन दिवस ठेवला. दोन गोष्टी एकदम बदलल्या की कशाने फरक पडला ते कळत नाही.

आधी दाब ६० वरून ४० वर आणला. मुंग्या विसाव्याऐवजी तिसाव्या मिनिटाला यायला लागल्या. म्हणजे दाबाचा वाटा होता, पण सगळा नव्हता.

मग बूट चढवण्याची पद्धत पाहिली. टाच बुटाच्या टाचेत नीट बसत नव्हती. आईची उंची कमी, बूट लांब, त्यामुळे घोट्यापाशी चुण्या पडायच्या आणि त्याच चुणीत हवा भरली की काठ रुतायचा. आता चेन लावण्याआधी आई टाच खाली दाबते, मी कापड वर ओढून चुण्या मोडते. मांडीपाशी उरलेलं कापड सैल राहिलं तरी चालतं, घोट्यापाशी चालत नाही. चेन लावल्यावर, हवा भरण्याआधी, मांडी आणि बूट यांच्यामध्ये दोन बोटं सहज जायला हवीत. फार सैल असेल तर कप्पा भरायलाच निम्मा वेळ जातो आणि दाब सगळीकडे सारखा बसत नाही. दोन बोटंही जात नसतील तर माप लहान आहे.

तरीही मुंग्या थोड्या राहिल्याच. तेव्हा एक दिवस मी यंत्राकडे न बघता पायाकडे बघत बसले. बूट जड, आई निवांत, डोळे मिटलेले. दहा मिनिटांत पाय हळूहळू बाहेरच्या बाजूला कलला. गुडघ्याच्या बाहेरचा तोच उंचवटा गादीवर टेकला, आणि आमच्या बुटाच्या नळ्याही त्याच बाजूने जातात. वरून हवेचा दाब, खालून गादी आणि नळी, मध्ये ती नस. दुसऱ्या दिवशी जुनी सोलापुरी चादर गुंडाळून मांडी आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला लांब ठेवली, म्हणजे पाय कलणार नाही. गुडघ्याखाली टॉवेलची पातळ घडी ठेवली, म्हणजे गुडघा ताणला जाणार नाही. नळ्या वरून घेतल्या. त्या दिवशी पंचेचाळीस मिनिटं झाली तरी आई काही बोलली नाही. मीच तीनदा विचारलं. मुंग्या नव्हत्या.

तुमच्याकडे खुर्चीत बसून बूट लावत असाल तर खुर्चीची कड मांडीच्या मागे रुतते का बघा. मुंग्यांचं ते कारण मला दोन घरांत दिसलं. शक्य असेल तर आडवं व्हावं, पाय हृदयाच्या पातळीला किंवा जरा वर. एक पाय दुसऱ्यावर टाकायचा नाही.

बूट काढल्यावर रोज आम्ही एक मिनिट देतो. आई पाऊल आणि अंगठा नाकाच्या दिशेने वर उचलते. मी अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामधल्या कातडीवर कापूस फिरवते आणि तिला डोळे मिटून विचारते, कळतंय का. मग नख दाबून सोडते. पांढरं झालेलं नख दोनेक सेकंदांत पुन्हा गुलाबी व्हायला हवं. पाऊल उचलताना जोर कमी वाटला, बधिरपणा अर्ध्या तासानंतरही राहिला, बोटं निळसर किंवा थंड पडली, किंवा पोटरी दगडासारखी घट्ट होऊन असह्य दुखली, तर बूट बंद आणि त्याच दिवशी डॉक्टर. उद्यापर्यंत वाट बघायची नाही.

जोडव्यांचंही इथेच सांगते. पैंजण आई आधीच काढायची, जोडवी काढायला मात्र तिचं मन होईना. लग्नापासून ती पायात आहेत. पण सुजलेल्या बोटात जोडवं आणि त्यावर हवेचा दाब म्हणजे बोटाचं रक्त अडणं. आता बूट चढवण्याआधी ती जोडवी काढून देवापुढच्या वाटीत ठेवते आणि नंतर तिथूनच परत घालते. तिचा जीव त्यात शांत राहतो, माझाही. बोट इतकं सुजलं असेल की साबणाच्या पाण्यानेही जोडवं निघत नाही, तर ओढाताण न करता सराफाकडून कापून घ्या.

दुपारपर्यंत सूज परत

ओला टॉवेल पिळून पुन्हा त्याच बादलीत टाकला तर तो पुन्हा भिजणार. आम्ही रोज तेच करत होतो. बूट काढायचे, आई उठून स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभी राहायची, आणि वर सरकलेलं सगळं पाणी तासाभरात खाली यायचं. शिवाय या सुजेत नुसतं पाणी नसतं, प्रथिनंही असतात. यंत्र पाणी सहज हलवतं, प्रथिनं तेवढी हलत नाहीत, आणि मागे राहिलेली प्रथिनं पुन्हा पाणी ओढून घेतात.

म्हणून बूट काढल्यावर दहा-पंधरा मिनिटांच्या आत, पाय खाली न सोडता, पलंगावरच स्टॉकिंग, म्हणजे पायाला दाब देणारा लांब घट्ट मोजा, चढवायचं किंवा बँडेज बांधायचं. एवढा एक बदल केला आणि आठवड्याभरात फरक दिसला. आमच्याकडे दुसऱ्या वर्गाचं स्टॉकिंग आहे, त्याचा घोट्यापाशी दाब २३ ते ३२ एमएमएचजी असतो. पहिल्या वर्गाचा १८ ते २१. कोणता घ्यायचा हे माप घेऊन आणि पायाचा रक्तपुरवठा बघून ठरतं, दुकानात अंदाजाने नाही. चढवायला कष्ट पडतात. रबरी हातमोजे घालून तळव्याने वर सरकवत गेलं की जमतं. वरची कड दुमडायची नाही, दुमडली की तिथे दाब दुप्पट होतो.

औषधाच्या दुकानात सहज मिळणारं क्रेप बँडेज या कामाला फारसं उपयोगी नाही. ते फार ताणलं जातं, त्यामुळे चालताना पोटरीचा स्नायू फुगला तरी त्याला टेकू मिळत नाही. लिम्फेडेमासाठी कमी ताणली जाणारी वेगळी बँडेज असतात आणि ती बांधायला कुणाकडून तरी शिकावं लागतं. मी तीन वेळा जाऊन शिकले.

आम्ही वेळही बदलली. आधी रात्री झोपताना बूट लावायचो. पायातलं पाणी रक्तात गेलं की मूत्रपिंडं ते बाहेर टाकणार, म्हणून आई रात्री तीन-तीनदा लघवीला उठायची आणि अंधारात पडण्याची भीती वेगळीच. आता सकाळी अंघोळीनंतर लावतो. लघवीला आधी जाऊन येते, नंतर दिवसभर स्टॉकिंग, रात्री ते काढून पायाखाली उशी. बूट लावून रात्रभर झोपायचं नसतं. रुग्णालयात शस्त्रक्रियेनंतर पोटरीला तासन्तास पट्टे लावलेले असतात ते गुठळी होऊ नये म्हणून, तिथे परिचारिका येऊन पाय बघत असतात.

आणि बूट सुरू करण्याआधी पाच मिनिटं पोटातून खोल श्वास, मग फिजिओथेरपिस्टनी शिकवलेलं हलक्या हाताचं मालिश, आधी पोट आणि जांघेकडे, नंतर मांडी. वरची वाट मोकळी केल्याशिवाय खालून ढकललेलं कुठे जाणार?

जांघेजवळची सूज, जी कुणी सांगत नाही

बूट जिथे संपतो तिथे, मांडीच्या मुळाशी, ओटीपोटाखाली किंवा जननेंद्रियांजवळ पाणी साचू शकतं. ज्यांच्या ओटीपोटातल्या किंवा जांघेतल्या ग्रंथी काढल्या आहेत त्यांना हा धोका जास्त. आईला तसं व्हायला लागलं होतं आणि ती तीन आठवडे काही बोलली नाही. कपडे घट्ट होतायत एवढंच म्हणाली. बाबांसमोर किंवा भावासमोर ती हे कधीच बोलली नसती.

म्हणून स्पष्ट विचारा. आईला, सासूबाईंना लेकीने किंवा सुनेने विचारावं. वडिलांना मुलाने विचारावं, कारण पुरुषांमध्ये अंडकोशाची सूज अशीच लपवली जाते. "जांघेत जड वाटतं का, चड्डीच्या इलॅस्टिकचा वळ उठतो का?" असं विचारलं की उत्तर मिळतं. हो असेल तर यंत्र थांबवा आणि फिजिओथेरपिस्टना भेटा. आम्हाला दोन आठवडे बूट बंद ठेवून फक्त हाताचं मालिश आणि बँडेज सांगितलं होतं. नंतर ४० च्याच दाबावर, मालिशसकट, पुन्हा सुरू केलं.

घाम, खाज, वळ

आम्ही चिपळूणला राहतो. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत इथल्या हवेत टॉवेलसुद्धा वाळत नाही, आणि बुटाचं अस्तर तर हवा जाऊ न देणारं असतं. आत पातळ सुती पायजमा किंवा सुती नळीचं कापड घालायचं, शिवण बाहेरच्या बाजूला करून. खिशात काही नको, नाडीची गाठ बुटाखाली नको. पायाची बोटं अंघोळीनंतर एकेक कोरडी करायची. बेचकीतली भेग हाच जंतुसंसर्गाचा दरवाजा असतो. हत्तीरोगामुळे पाय सुजलेल्यांना गडचिरोली-चंद्रपूर भागात आरोग्य कर्मचारी आधी पाय साबणाने धुऊन कोरडा करायला शिकवतात, ते याचसाठी.

बाम, वेदनाशामक मलम, तेल लावून लगेच बूट चढवू नका. बंद जागेत बाम कातडी जाळतो. मलम रात्री लावा. बूट काढल्यावर दिसणारे वळ अर्ध्या तासात गेले पाहिजेत. फोड आला किंवा लाल डाग तसाच राहिला तर ती जागा बरी होईपर्यंत सुट्टी. बूट ओल्या फडक्याने, सौम्य साबणाने आतून पुसायचे, उलटे करून सावलीत वाळवायचे. वॉशिंग मशीनमध्ये नाही, कडक उन्हातही नाही.

यंत्र दाब धरत नाही

कप्पा भरत नसेल, किंवा पडद्यावर चूक दाखवून यंत्र बंद पडत असेल, तर दुरुस्तीला पाठवण्याआधी हे करून बघा. नळीचं टोक "टक्" आवाज येईपर्यंत बसलंय का? नळी पलंगाच्या कडेला मुडपलेली आहे का? यंत्र गादीवर ठेवलंय आणि चादरीने त्याची हवा घ्यायची जाळी झाकली गेली आहे का? आमचं दोनदा एवढ्यानेच बंद पडलं होतं.

एकाच पायाला बूट लावणाऱ्यांनी दुसऱ्या पायाच्या नळीला बूच बसवायला विसरू नये. ते नसेल तर बऱ्याच यंत्रांची हवा तिकडून निघून जाते. बूच पेटीत लहानशा पिशवीत असतं आणि तिथेच राहून जातं.

एवढं करूनही होत नसेल तर दोन बुटांच्या नळ्यांची अदलाबदल करा. बिघाड बुटासोबत दुसऱ्या बाजूला गेला तर बूट फुटलाय. तिथल्या तिथे राहिला तर दोष यंत्रात आहे. बूट फुटला असेल तर रिकामाच भरून कान लावा, शिवणीवर साबणाचा फेस लावा, बुडबुडे येतील तिथे गळती. त्यावर फेव्हिक्विक किंवा पंक्चरचं ठिगळ लावून माणसाच्या पायात घालू नका. कडक झालेली ती जागा कातडीला बोचते. बूट बदलून घ्या.

ज्या यंत्रांना प्रत्येक कप्प्याची वेगळी नळी असते त्यांत क्रमांक चुकले तर दाब मांडीपासून सुरू होऊन खाली येतो, म्हणजे पाणी पावलात ढकललं जातं. बूट घातल्यावर पहिल्या फेरीत हात पावलावर ठेवा. पहिल्यांदा तोच कप्पा फुगला पाहिजे.

मधेच लाईट गेली तर

कोकणात हे नेहमीचं. काही यंत्रं वीज गेली की हवा आपोआप सोडतात, काहींमध्ये कप्पे भरलेलेच राहतात. तुमचं कोणत्या प्रकारचं आहे हे पहिल्याच दिवशी, बूट पायात नसताना, कमी दाबावर भरून आणि भिंतीवरचं बटण बंद करून बघून ठेवा. हवा राहत असेल तर एकट्या माणसाने ते बूट लावू नयेत. पाय आवळलेला, अंधार, बूट घालून उठता येत नाही. नळीचं टोक कसं काढायचं आणि चेन कशी उघडायची हे आईने स्वतः दहा वेळा करून पाहिलं आहे. मोबाईल आणि टॉर्च तिच्या हाताशी असतो. बूट पायात असताना उभं राहायचं नाही, दाराची घंटा वाजली तरी नाही.

धावणाऱ्यांसाठी थोडंसं

माझा भाऊ जानेवारीत मुंबई मॅरेथॉन धावतो आणि त्याचे मित्र हेच बूट थकवा घालवायला वापरतात. निरोगी पायाला वीस-तीस मिनिटं पुरतात. पाय हलका वाटतो, ठणका थोडा कमी होतो, याहून मोठी अपेक्षा नको. १०० वर लावून सहन करण्यात फायदा नाही. धावल्यावर लांबचा प्रवास करून आलात आणि एकाच पोटरीत दुखतंय, सुजलंय, तर "स्नायू आखडलाय" म्हणून बूट चढवू नका. वर लिहिलेली गुठळीची खूण धावणाऱ्यालाही लागू आहे.

वही आणि टेप

डोळ्यांना रोजचा फरक कळत नाही. आम्ही दर रविवारी सकाळी, बूट लावण्याआधी, शिंप्याच्या टेपने घोट्याच्या हाडापासून वर १०, २० आणि ३० सेंटिमीटरवर माप घेतो आणि दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहितो. बाजूला दाब, किती मिनिटं, मुंग्या आल्या का, जांघेत जड वाटलं का. दाब ६० असतानाच्या आठवड्यांत १० सेंटिमीटरवर २७.५ होतं. ४० चा दाब, चादरीची गुंडाळी आणि लगेच स्टॉकिंग असं सुरू केल्यावर दोन महिन्यांत २५.८ वर आलं. मध्ये एकदा ते पुन्हा २६.६ झालं. बाकी सगळं तेच चालू होतं, म्हणून मी वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे गेले. त्यांनी आकडे बघितले, मग स्टॉकिंग हातात घेऊन ताणून पाहिलं. रोज वापरून सात महिने झाले होते आणि ते सैल पडलं होतं. साधारण सहा महिन्यांनी ते बदलावं लागतं. त्यांनी तिथेच आईच्या पायाचं नव्याने माप घेतलं.